कार्टचं चाक कोणाच्या हाती?

मागच्या अंकात गोल्फच्या मैदानावरच्या वागण्याबद्दल लिहिताना कार्टविषयी, म्हणजे मैदानावर दोघांनी बसून फिरायच्या छोट्या गाडीविषयी, मी एकच वाक्य लिहिलं होतं : "चाकावर बसणाऱ्याने आधी शेजाऱ्याला त्याच्या बॉलपाशी सोडावं." त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक मी कार्टलाच देते आहे. पत्रं लांब होती, त्यातला मुद्दा तेवढा छापला आहे. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी मूळची साताऱ्याची. पस्तीस वर्षांहून जास्त काळ नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीजवळ राहते. गोल्फ पन्नाशीनंतर शिकले. निवृत्तीनंतर आठवड्यातल्या दोन सकाळी जवळच्या सार्वजनिक मैदानावर मार्शलचं काम करते. खेळ अडकलाय कुठे, कोणाला पाणी हवंय का, कोणाची कार्ट चिखलात रुतलीय का, हे बघत फिरायचं. त्यामुळे कार्टमधली माणसं कशी वागतात हे मला बाहेरून, आणि बऱ्यापैकी जवळून, दिसतं.

आम्ही चौघे मित्र दर शनिवारी खेळतो. माझ्या कार्टमधला मित्र दोन वर्षांत एकदाही चाकावरून उठलेला नाही. टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, झाला की तो थेट स्वतःच्या बॉलकडे जातो. माझा बॉल फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) दुसऱ्या कडेला असतो. मी घाईत एक क्लब (मारायची काठी) उचलून चालत जातो, तिथे गेल्यावर कळतं की दुसराच हवा होता. वळून बघतो तर कार्ट पुढे निघून गेलेली. भाडं मात्र निम्मं-निम्मं. बोललो तर मैत्रीत खडा पडेल का? (एक वाचक, शार्लट)

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. चाकावर कोण बसतं ही एक, आणि बसणारा ते कसं चालवतो ही दुसरी. पहिलीचा मला फारसा राग येत नाही. दुसरीचा येतो.

चालवायची आवड असण्यामागे बऱ्याचदा साधं कारण असतं. कंबर दुखणाऱ्याला हातात चाक असलं की पुढचा खड्डा आधी कळतो, अंग सावरता येतं. शेजारी बसलेल्याला तो धक्का नकळत बसतो. उलट ज्याचा उजवा गुडघा आखडलेला आहे त्याला दर दोन मिनिटांनी पेडल दाबणं नको असतं. काहींना स्कोअर लिहायला, अंतर मोजायला हात मोकळे हवे असतात. माझी एक मैत्रीण अठराच्या अठरा होल शेजारी बसते आणि त्यातच खूश असते, कारण तिला दोन शॉटच्या मधली झाडं बघायची असतात. म्हणून पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथे, बॅगा बांधायच्या आधी, "तू चालवतोस की मी?" एवढं विचारायचं. आधी अशासाठी, की ज्याची बॅग डाव्या बाजूला, चाकामागे बांधली गेली तोच चालवणार असं आपोआप ठरून जातं. खेळाडूंना पहिल्या टीवर सोडणारा स्टार्टर हाताला येतील तशा बॅगा बांधतो आणि दिवसभराची व्यवस्था त्या पट्ट्यांवर ठरते. अनोळखी माणसाबरोबर जोडी लागली तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा.

आता चालवण्याविषयी. ज्याच्या हातात चाक आहे त्याच्याकडे दोघांचे क्लब आहेत. तुम्ही चुकीचा क्लब घेऊन शंभर यार्डांवर उभे असता तेव्हा तुमची बॅग त्याच्या पाठीशी असते, म्हणजे तुमचा खेळ त्याच्या ताब्यात असतो. म्हणून जबाबदारी त्याच्यावर येते. टी-शॉटनंतर दोन्ही बॉल कुठे आहेत हे दोघांनी बघून ठेवायचं. होलपासून जो बॉल लांब, तिथे आधी जायचं. कार्ट बॉलच्या बाजूला उभी करायची, पुढे नाही आणि मारणाऱ्याच्या पाठीमागे नजरेत येईल अशी तर मुळीच नाही. शेजाऱ्याने उतरताना दोन-तीन क्लब बरोबर घ्यायचे. पाच, सहा आणि सात नंबर हातात घेऊन उतरायला लाजायचं कारण नाही. ते हातात घेतल्याशिवाय चाकावरच्याने निघायचं नाही. मग त्याने आपल्या बॉलकडे जावं, इकडे तुम्ही मारावं आणि चालत त्याला गाठावं. त्याचा बॉल पलीकडे चाळीस यार्डांवर असेल तर तो तिथे पोचून क्लब निवडेपर्यंत तुमचा शॉट झालेला असतो.

मैदानावर वेळ नेमका कुठे जातो हे मी रोज बघते. दोघं कार्टमध्ये बसून एकाच्या बॉलपाशी जातात. एक मारतो, दुसरा बसून बघतो. मग दोघं मिळून दुसऱ्याच्या बॉलकडे, तिथेही तेच. २०१९ मध्ये गोल्फचे नियम नव्याने लिहिले गेले. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळताना, जो तयार आहे त्याने, कोणाला धोका नसेल तर, आधी मारावं हे त्यात स्पष्टपणे आलं. हरवलेला बॉल शोधायला आधी पाच मिनिटं मिळायची, ती तीन झाली. दोघं एकाच सीटला चिकटून बसले तर या दोन्ही बदलांचा काही उपयोग होत नाही.

मित्राला सांगायचं ते पहिल्या टीवर सांगा. नवव्या होलवर, बॉल पाण्यात गेल्यानंतर सांगितलेलं कोणालाच गोड लागत नाही. त्याच्या दोन वर्षांचा हिशेब काढू नका. "अरे, आज मला आधी सोड, मी क्लब घेऊन उतरतो, तू पुढे हो," इतकंच म्हणा. नऊ होल झाले की सहज त्या बाजूला जाऊन बसा : "आता मी." तुम्ही चौघे आहात, तेव्हा दर शनिवारी जोड्या बदला. कदाचित त्या मित्राला कळलेलंही नसेल. चाकावर बसलेल्या माणसाला शेजाऱ्याची पायपीट दिसत नाही, कारण तो पुढे बघत असतो. आणि एवढं बोलण्याने खडा पडत असेल तर तो आधीच पडलेला आहे.

मी आणि माझे यजमान रविवारी खेळतो. कार्ट तेच चालवतात. मी पुढच्या टीवरून, म्हणजे त्याच होलवर थोडं पुढे आखलेल्या जागेवरून, खेळते. मागच्या टीवरून त्यांचा शॉट झाला की ते माझी टी ओलांडून सरळ पुढे निघतात, मग "अगं हो, तुझं राहिलं" म्हणून कार्ट मागे घेतात. दर आठवड्याला दोन-तीनदा होतं. उतारावर वेगही फार असतो. त्यांना यात विशेष काही वाटत नाही. (एक वाचक, कॅरी)

टी ओलांडून जाण्याचं दुःख मला माहीत आहे. मार्शलच्या जागेवरून ते मी इतक्या जोडप्यांत पाहिलंय की पुढच्या टीच्या खुणांपाशी एखादी बाई हात वर करून उभी दिसली की काय झालं असेल हे लांबूनच कळतं. आपला शॉट झाला की होल सुरू झाला असं पुरुषांना वाटतं. तुमचा शॉट व्हायचा असतो आणि तोवर ते मनाने फेअरवेवर पोचलेले असतात. उपाय सोपा आहे. ज्या दिवशी तुम्ही दोघंच खेळत असाल त्या दिवशी चाक तुम्ही घ्या. पुढची टी चुकणार नाही, कारण तिथे थांबण्याची गरज तुम्हाला आहे. "मी चालवते, तुम्ही स्कोअर लिहा" म्हणा.

वेगाचं मात्र सोपं नाही, आणि तिथे मी तुमच्या यजमानांशीच बोलते. हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

दहाएक वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी माझे यजमान चालवत होते आणि मी शेजारी बसून स्कोअर लिहीत होते. कार्डावर एक हात, पेन्सिलीवर दुसरा. रस्ता उताराचा होता आणि पुढे डावीकडे वळत होता. वेग फार होता असंही नाही. त्यांनी चाक वळवलं आणि मी उजवीकडून बाहेर, सिमेंटच्या रस्त्यावर. उजवं मनगट मोडलं, त्यात धातूची पट्टी बसवावी लागली, पाच महिने क्लब हातात धरता आला नाही. माझ्याहून त्यांनाच ते जास्त लागलं. अजून त्या वळणावर ते कार्ट जवळजवळ थांबवतात.

हे का होतं ते समजून घ्या. इथल्या कार्टला दार नसतं, मैदानावरच्या बहुतेक कार्टना पट्टाही नसतो. सीटच्या बाहेरच्या कडेला कमरेपर्यंतचा एक छोटा दांडा, बस. चालवणारा डावीकडे असतो आणि त्याच्या हातात चाक असतं, तो त्याला धरून राहतो. कार्ट डावीकडे वळते तेव्हा शेजाऱ्याचं अंग उजवीकडे, म्हणजे उघड्या बाजूकडे फेकलं जातं, आणि त्याच्या हातात असते पाण्याची बाटली, कार्ड किंवा फोन. त्यात बहुतेक कार्टचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ओल्या गवताच्या उतारावर जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं घसरतात आणि कार्ट आडवी फिरते. बॅटऱ्यांसकट तिचं वजन ४०० किलोच्या घरात असतं, वर दोन माणसं आणि दोन बॅगा. लहान दिसते म्हणून ती खेळणं नव्हे.

आमचं लग्न झालं तेव्हा पुण्यात यांच्याकडे स्कूटर होती. मागे मी बसल्यावर "बसलीस?" असं विचारल्याशिवाय यांनी कधी क्लच सोडला नाही. मी "हं" म्हटलं की गाडी हलायची. ते विचारणं अमेरिकेत येऊन कुठेतरी सुटलं होतं, कारण मोटारीत पट्टा असतो. त्या मे महिन्यानंतर आमच्या कार्टमध्ये ते परत आलं. दर वेळी, प्रत्येक शॉटनंतर. तुमच्या घरीही कधीतरी स्कूटर असणारच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आमच्या गटातले बाकीचे तिघे चालत खेळतात, मी एकटा कार्टमध्ये. त्यांच्यातला एक म्हणतो की कार्टमधला गोल्फ हा खरा गोल्फ नाही. स्पर्धेत मी कार्ट वापरू शकतो का? आणि चालणाऱ्यांबरोबर एकट्याने कार्ट कशी चालवावी? (एक वाचक, ग्रीन्सबरो)

तुमच्या मित्राचं म्हणणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरलेलं आहे. केसी मार्टिन नावाचा व्यावसायिक खेळाडू, स्टॅनफर्डमध्ये टायगर वुड्सचा संघसहकारी. त्याच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात दोष होता, चालणं वेदनेचं आणि धोक्याचं. व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने कार्ट नाकारली, त्याने अपंगांच्या हक्काच्या १९९० च्या कायद्याखाली दावा लावला. २००१ मध्ये न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. खेळाचा गाभा शॉट मारण्यात आहे, चालण्यात नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. कार्ट वापरूनही मार्टिनला एका फेरीत एक मैलाहून जास्त चालावं लागे, हेही त्या निकालात नोंदलेलं आहे. दोन नवे गुडघे घेऊन तुम्ही किती चालता ते मित्राला एकदा मोजायला सांगा.

स्पर्धेचं म्हणाल तर गोल्फच्या नियमांत कार्टला मुळात बंदी नाही. स्पर्धेची समिती स्थानिक नियम करून बंदी घालू शकते, आणि वैद्यकीय कारणासाठी सूटही देऊ शकते. म्हणून नाव देतानाच डॉक्टरांच्या चिठ्ठीसह विचारा. प्रत्येक ठिकाणी होकार मिळेलच असं नाही. २०१९ मध्ये जॉन डेली या व्यावसायिक खेळाडूला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये कार्ट मिळाली आणि त्याच वर्षी ब्रिटिश ओपनने नाकारली. रोजच्या खेळासाठी मैदानावरच्या दुकानात विचारलंत तर बऱ्याच मैदानांवर कार्टला लावायचा खास झेंडा मिळतो. त्याने ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, अधिक जवळ जाता येतं. तो मागायला संकोच करू नका, तो तुमच्यासाठीच आहे.

आणि चालणाऱ्यांबरोबर असताना पुढे पळू नका. कार्ट त्यांच्या चालीने न्या. ते मारत असतील तेव्हा पूर्ण थांबा. ब्रेक सुटल्याचा खट्ट आवाज आणि मागे जाताना वाजणारी पिपाणी शांत सकाळी फार लांब जाते. तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही. रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, हरवलेल्या बॉलकडे तुम्ही सगळ्यांत आधी पोचू शकता. तीन मिनिटांपैकी दोन वाचवणारा माणूस कुठल्याही गटाला हवा असतो.

शोधताना कार्टचं चाक माझ्याच बॉलवरून गेलं. दंड लागतो का? मित्राने चालवताना गेलं असतं तर? (एक वाचक, रिचमंड)

शोधताना अपघाताने हलला तर दंड नाही, बॉल मूळ जागी ठेवून खेळा. शोध चालू नसताना तुम्हीच चालवत तुमच्या बॉलवरून गेलात तर एका फटक्याचा दंड, आणि बॉल परत जागेवर. स्ट्रोक प्लेमध्ये मित्र चालवत असताना गेला तर तुम्हाला दंड नाही, बॉल मूळ जागी ठेवायचा. उडता बॉल चुकून कार्टवर आदळला तरी २०१९ पासून दंड नाही. तो जिथे थांबेल तिथून खेळायचा.

याच वाचकाने पावसानंतरच्या "फक्त रस्त्यावरून" या पाटीबद्दल नाराजी लिहिली आहे. ती पाटी कोणाच्या लहरीने लागत नाही. आमच्याकडची जमीन लाल चिकणमातीची आहे, पाणी मुरायला वेळ लागतो आणि ओल्या मातीवरून कार्ट गेली की माती दाबून बसते. गवताच्या मुळांना हवा मिळत नाही आणि तो पट्टा महिनोन् महिने उघडा राहतो. हिवाळ्यात दव गोठलेलं असताना तर पाऊलही टाकू देत नाहीत, कारण गोठलेलं पातं वजनाखाली मोडतं. ज्या दिवशी फेअरवेवर परवानगी असते त्या दिवशीही रस्त्याने बॉलच्या रेषेत यायचं, मग काटकोनात आत वळायचं आणि तसंच बाहेर पडायचं. ग्रीनपासून निदान ३० फूट लांब. ग्रीन आणि बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) मधून कधीही नाही. ग्रीनपाशी पुढच्या टीच्या बाजूला कार्ट लावा आणि स्कोअर पुढच्या टीवर जाऊन लिहा, म्हणजे मागचे खोळंबत नाहीत.

माझे बाबा जुलैमध्ये दोन महिन्यांसाठी येत आहेत. वय ७६. लष्करातून निवृत्त, आयुष्यभर पुण्यात चालत खेळले, बॅग कॅडीच्या खांद्यावर. मागच्या खेपेला मी त्यांना कार्टमध्ये बसवून नेलं. ते सगळा वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "हा खेळ झाला की सहल?" या वेळी त्यांना चाक द्यावं का? (एक वाचक, मॉरिसव्हिल)

तुमच्या बाबांना चाक नको आहे असं मला पत्र वाचून वाटलं. त्यांना चालायचं आहे. आणि त्यांच्या बाजूला कोणीतरी हवं आहे.

भारतात खेळलेल्या माणसाला कॅडी म्हणजे फक्त बॅग उचलणारा नव्हे. बॉल कुठे पडला हे तो बघतो, उतार सांगतो, हात पुढे केला की क्लब हातात येतो. चाळीस वर्षं त्या सवयीत घालवलेला माणूस इथे बॉलपाशी उभा राहतो, हात किंचित पुढे करतो, आणि त्याचा क्लब लांब कुठेतरी उभ्या कार्टमध्ये असतो. तो गप्प होणारच.

आमच्याकडचा जुलै दमट असतो आणि घरांच्या वसाहतींमधून आखलेल्या मैदानांत एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतचं अंतर मोठं असतं. ७६ व्या वर्षी सगळं चालू नये हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण सगळं बसूनही नको. फेअरवेवर त्यांना चालू द्या. ग्रीन ते टीचा लांबचा टप्पा आणि चढ तेवढे कार्टमधून. तुम्ही त्यांच्या बरोबरीने, दहा-पंधरा यार्डांवरून, त्यांच्या चालीने कार्ट आणा.

चालवायचं त्यांनी स्वतः मागितलं तर दुकानात विचारून घ्या. बऱ्याच मैदानांवर चालकाचा परवाना लागतो, आणि भाड्याच्या कागदावर सही ज्याची, नुकसान त्याच्या नावावर. पहिल्यांदा मोकळ्या, सपाट जागी बसवा. चाक डावीकडे, रस्त्याने उजवीकडून जायचं, आणि ब्रेकच्या पेडलचा वरचा भाग खट्ट होईपर्यंत दाबला तरच कार्ट जागेवर थांबते, हे त्यांना दाखवा.

पण त्याआधी एक करून बघा. एका सकाळी तुम्ही खेळूच नका. तुमची बॅग घरी ठेवा. दुकानात सांगा की एक खेळणारा आणि एक नुसता बसणारा, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात. नियमांप्रमाणे कॅडीला खेळाडूचे क्लब कार्टमधून न्यायची मुभा आहे. बाबांच्या बॉलकडे नजर ठेवा, ते पोचायच्या आत तिथे जा, उतरा, अंतर सांगा आणि त्यांचा हात पुढे आला की क्लब द्या. कुठला द्यायचा हे कळत नसेल तर दोन घेऊन उभे राहा, ते सांगतील. बंकरमधली वाळू तुम्ही सारखी करा, झेंडा तुम्ही धरा.

सकाळची पहिली नाहीतर दुसरी वेळ मागून घ्या. तेव्हा मागून कोणी ढकलत नाही आणि ऊनही चढलेलं नसतं. गवतावर दव असतं, म्हणून उतारावर कार्ट हळू घ्या, आणि ते शेजारी बसतील तेव्हा ते बसले का, हे विचारूनच निघा.